चापट कृमी, गोड्या पाण्यातील

पृथुकृमी संघाच्या टर्बेलॅरिया वर्गातील, परजीवी नसलेले मृदुकाय प्राणी. यांना प्लॅनेरिया असेही म्हणतात. भारतात यांचा डुगेसिया हा वंश आढळतो. खानदेशातील बहुतेक नद्या उन्हाळ्यात आटत असल्याने जळगाव व धुळे जिल्ह्यांत यांच्या राहणीस अनुकूल जागा थोड्याच आहेत : सातपुड्यातील झरे, तापी व गिरणा यांच्या पात्रांत टिकून राहणारे डोह आणि पांझरेवरील फड पद्धतीचे पाट.

शरीर तपकिरी वा काळसर, साधारणपणे १ ते २ सेंमी. लांब, डोके त्रिकोणी व त्यावर दोन नेत्रबिंदू. श्वसनेंद्रिये व रुधिराभिसरण तंत्र नसल्याने ऑक्सिजन त्वचेतूनच आत जातो. चपटेपणाचा उपयोग तो हाच. पाण्यात मिसळलेली विषारी द्रव्येही त्याच वाटेने शिरतात. त्यामुळे प्रदूषणाच्या चाचण्यांत या प्राण्याचा वापर होतो.

प्रकाश न सोसल्याने हे दिवसा दगडांखाली लपतात व रात्री भक्ष्य शोधतात. मुख डोक्यावर नसून अधर बाजूस मध्यावर असते. त्यातून नळीसारखी ग्रसनी बाहेर काढून पाणपिसवा, लहान कृमी किंवा मृत प्राण्यांचे द्रव शोषले जातात. मांसाचा तुकडा दोऱ्याला बांधून पाण्यात सोडल्यास ते त्यावर गोळा होतात. गुदद्वार नसते. उपासमारीत शरीर आकसते, परंतु त्याचे घाट बिघडत नाही. प्राणी उभयलिंगी असून अंडी दगडांना चिकटविलेल्या कोशांत असतात. काही जाती आडव्या दुभंगूनही वाढतात. टी. एच. मॉर्गन यांनी १८९८ च्या सुमारास केलेल्या प्रयोगांत अगदी लहान तुकड्यापासूनही पूर्ण प्राणी तयार झाला.

गुराख्यांचा एक गैरसमज संभवतो. गाई-म्हशींच्या यकृतात आढळणारा फॅसिओला हा पर्णकृमी याच संघातील आहे, पण त्याचे जीवनचक्र निराळे. शेणातून पडलेल्या त्याच्या अंड्यांतील डिंभ लिम्निया गोगलगायीत वाढतात, पुन्हा पाण्यात येतात व काठच्या गवतावर पुटी बनवून राहतात. ते गवत खाल्ल्याने जनावरांना बाधा होते. दगडाखालील प्लॅनेरियामुळे ती होत नाही. पाणथळीत गुरे चारण्यापूर्वी पाहावयाच्या त्या गोगलगायी.