नाव कस्टर्ड, कंसात काय?

सिंदी (रेल्वे). आपल्या गावाच्या नावातला हा कंस उगाच नाही. वर्ध्याला लागून सिंदी (मेघे) आहे ना! कंस नसला, तर पाहुणा भलत्याच सिंदीत पोहोचायचा. गोड पदार्थांच्या नावांना मात्र असा कंस नसतो. म्हणून तिथे गोंधळ होतो.

लग्नाच्या बुफेत तुम्ही वाटीभर घेता ते पिवळं, थंडगार फ्रूट कस्टर्ड आठवा. त्यात सहसा अंडं नसतं. पण मूळ युरोपातलं कस्टर्ड म्हणजे दूध, साखर आणि अंडं. मंद आचेवर अंड्यातल्या प्रथिनांमुळे ते दाट होतं. मग आपल्या वाटीतलं अंडं गेलं कुठे? बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या केमिस्टच्या बायकोला अंड्याची ॲलर्जी होती. तिच्यासाठी त्याने १८३७ मध्ये कॉर्नफ्लोअर वापरून बिनअंड्याचं कस्टर्ड केलं. आपल्या किराणा दुकानातली कस्टर्ड पावडर याच जातीची. वस्तू बदलली, नाव तेच राहिलं.

नावांची गंमत तर पुढेच आहे. 'कस्टर्ड' हा शब्द 'क्रस्ट'च्या कुळातला. पूर्वी पिठाच्या पारीत भरून भाजलेल्या पदार्थाला तसं म्हणत. पारी गेली, सारण उरलं! फ्रेंच लोक पातळ कस्टर्डला 'क्रेम आंग्लेज' म्हणतात, म्हणजे इंग्रजी क्रीम. आणि इंग्रजांनी 'कस्टर्ड' हा शब्द घेतला तो फ्रेंचमधूनच. 'फ्लान'चा मूळ अर्थ चपटा केक. फ्रान्समध्ये तो पारीत भाजतात. स्पेनमध्ये फ्लान मागितला, तर पारी नाहीच, वर कॅरमेल ओतलेला थलथलीत गोळा येतो. त्याच कुळातला डच 'व्हला' तर चक्क खोक्यातून वाटीत ओततात. पोर्तुगालच्या 'पास्तेल द नाता'मध्ये नाता म्हणजे साय. नाव सायीचं, पण आत भरपूर अंड्याचा बलक!

आपणही काही कमी नाही. इंग्रजीत सीताफळाला 'कस्टर्ड ॲपल' म्हणतात. त्यात ना कस्टर्ड, ना सफरचंद. आणि हे फळ मूळचं अमेरिका खंडातलं. उलट आपला खरवस बघा. चिकातली प्रथिनं वाफेवर घट्ट होतात, अंड्याची गरजच नाही. काम कस्टर्डचं, पण नावात त्याचा पत्ताही नाही.

हे सगळं कशासाठी सांगतेय? तुमच्यातले अनेक जण शिकायला नागपूर, पुण्याला जातील. तिथल्या कॅफेत मेन्यूवर क्रेम ब्रूले, कॅरमेल कस्टर्ड, पुडिंग अशी नावं असतात. कुणी अंडं खात नाही, कुणाला त्याची ॲलर्जी आहे. 'घरी तर कस्टर्ड खातोच की' म्हणून मागवलं, तर फसगत ठरलेली. ॲलर्जी असेल, तर ती महागातही पडू शकते.

पाकीट असेल तर हिरवा ठिपका बघा, घटकांची यादी वाचा. प्लेट असेल तर सरळ विचारा, "यात अंडं आहे का?" उच्चार चुकला तरी लाजू नका. स्वतः युरोपियनांनीच एकमेकांचे शब्द हवे तसे वळवले आहेत. पोलंडच्या लोकांनी 'पुडिंग'चं 'बुदिन' केलं, पोर्तुगीजांनी 'पुदिं'. आपण नाव कसंही उच्चारू, पण कंसात काय आहे, ते विचारूनच चमचा उचलू.