वाघाच्या पोटातले जंत

वाघ, बिबट, रानकुत्रा, तरस, लांडगा, कोल्हा, रानमांजर यांच्यात जंत नसलेला प्राणी सापडणे अवघड. शिकारीबरोबर तिच्या अंगातले कृमीही शिकाऱ्याच्या पोटात जातात. हे लाखो वर्षे चालत आल्याने कित्येक कृमींचे अवघे आयुष्यच कोण कोणाला खातो यावर बेतलेले आहे. मेळघाटात ही साखळी अजून बरीचशी शाबूत आहे. १९७३-७४ मध्ये देशातले जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प ठरले, त्यांत मेळघाट होता. प्रकल्पाचा मोठा भाग अमरावती जिल्ह्यात आहे, तर नरनाळा अभयारण्य अकोल्यातल्या अकोट तालुक्यात.

या जंतांचे ढोबळ गट तीन : गोलकृमी, पट्टकृमी आणि पानासारखे चपटे पर्णकृमी. त्यांचा प्रसार मात्र मुख्यतः दोन वाटांनी होतो. काही कृमी एका प्राण्याच्या विष्ठेतून थेट दुसऱ्याच्या पोटात जातात, तर काहींना मध्ये एक किंवा दोन वेगळे प्राणी लागतात.

थेट वाटेचा नेहमीचा प्रवासी म्हणजे टॉक्सोकारा हा गोलकृमी. त्याच्या अंड्याचे कवच इतके जाड असते की ते मातीत महिनोन्‌महिने तग धरते. कुत्र्याच्या कुळातली पिल्ले आईच्या पोटात असतानाच त्याची बाधा घेऊन जन्मतात. मांजरकुळात हा कृमी आईच्या दुधातून उतरतो. उंदराने अशी अंडी गिळली तर अळ्या त्याच्या मांसात दबून राहतात. कपाशी-तुरीच्या शेतात उंदीर मारणाऱ्या रानमांजराला त्या आयत्या मिळतात. अंकुशकृमीच्या अळ्या ओल्या मातीत वाढतात आणि पंजाच्या कातडीतूनही आत शिरतात. आतड्याला चिकटून ते रक्त पितात. मोठ्या जनावराला ते फारसे जाणवत नाही, पण पिल्लू त्याने खंगते.

मध्यस्थ लागणाऱ्या कृमींची कथा जास्त गुंतागुंतीची. टेनिया या पट्टकृमीची अंडी गवताबरोबर सांबराच्या किंवा गुराच्या पोटात जातात, तिथे पाण्याने भरलेल्या पुटकुळ्या होतात, आणि ते जनावर मारले गेले की पुटकुळीतून शिकाऱ्याच्या आतड्यात लांबच लांब पट्टा तयार होतो. मेळघाटात चितळ तसे कमीच. वाघाची भिस्त सांबर आणि गव्यावर. रानकुत्र्यांचा कळप तर एकच सांबर वाटून खातो, त्यामुळे बाधाही वाटली जाते.

दोन कृमींनी वाघामुळेच शास्त्रात प्रवेश केला, आणि तोही युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांतून. लंडनला मेलेल्या एका वाघाच्या जठराच्या भिंतीत रिचर्ड ओवेन यांना १८३६ मध्ये ग्नॅथोस्टोमा सापडला. डोक्यावर काट्यांच्या ओळी असलेला हा गोलकृमी जठरात गाठ करून राहतो. त्याची अळी आधी पाण्यातल्या सायक्लॉप्स या बारीकशा जिवात, मग मासा, बेडूक किंवा सापात वाढते. हा सायक्लॉप्स जुन्या पिढीला नारूमुळे माहीत आहे. पायविहिरीच्या पाण्यातून नारू माणसात यायचा तो याच्याच पोटातून. दुसरा कृमी पॅरागोनिमस. १८७७-७८ च्या सुमारास अ‍ॅमस्टरडॅमला बंगाली वाघाच्या फुप्फुसात तो मिळाला. आधी गोगलगाय, मग गोड्या पाण्यातला खेकडा, मग खेकडा खाणारा प्राणी, असा त्याचा प्रवास. अंडी खोकल्याबरोबर वर येतात, गिळली जातात आणि विष्ठेतून बाहेर पडतात. कच्चा खेकडा खाल्ल्याने माणसालाही तो होतो; मणिपूरकडे असे रुग्ण क्षयरोगी समजले गेल्याची उदाहरणे आहेत. उन्हाळ्यात मेळघाटातल्या सिपना, खापरा, गडगा या नद्या आटून डोहांपुरत्या उरतात, तेव्हा मासे, बेडूक, खेकडे आणि त्यांना खाणारे सगळे त्याच चार डोहांवर गोळा होतात.

जिवंत वाघाचे जंत तपासायला विष्ठा हाच एक सोपा पुरावा. गाडीवाटेवर सांबराच्या केसांनी भरलेली, वाळून पांढरी पडलेली विष्ठा मिळते. पण तपासणीला ताजी बरी. थोडा भाग मिठाच्या संपृक्त द्रावणात ढवळला की गोलकृमींची हलकी अंडी वर तरंगतात, ती काचेला चिकटवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पर्णकृमींची अंडी जड, ती तळाच्या गाळात शोधावी लागतात. इथे एक फसगत ठरलेली. सांबराच्या आतड्यातल्या जंतांची अंडी वाघाच्या पोटातून तशीच पुढे जातात. ती वाघाची म्हणून मोजली तर नसलेला रोग नोंदीत उभा राहतो. शिवाय विष्ठा वाघाची की बिबटाची, हे नुसत्या आकारावरून ठरवणारेही कमी नाहीत; खात्री डीएनए तपासणीनेच होते.

विदर्भातले या विषयावरचे चांगले काम ताडोब्याचे आहे. मिलिंद वाटवे आणि सहकाऱ्यांनी तिथल्या वाघांच्या विष्ठेचे ७० नमुने तपासून २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बाधेचे प्रमाण मोठे होते आणि मध्यस्थ लागणाऱ्या कृमींचेच त्यात वर्चस्व होते. नमुन्यांचे १४ गट पडले. एकेक गट म्हणजे एकेक वाघ असे धरले, तर हद्द धरून राहणाऱ्यांपेक्षा भटक्या वाघांत जंत बरेच जास्त निघाले. हा अंदाज गृहीतकावर उभा आहे, हे लेखकांनी लपवलेले नाही. तरी तो पटण्यासारखा आहे : हद्द न मिळालेला वाघ उपाशी, जखमी, सतत हुसकावलेला असतो, आणि अशा अंगात जंत फोफावतात. म्हणून शवविच्छेदनात जंतांचा गुंता दिसला की तेच मरणाचे कारण असे लिहिण्याची घाई बरी नव्हे. अनेकदा जंत हा अशक्तपणाचा परिणाम असतो.

खरी काळजी जंगलाच्या काठावर आहे. गावातला कुत्रा जंगलात फिरतो, तिथली मढी खातो; आणि बिबट त्या कुत्र्यालाच उचलतो. इकायनोकॉकस हा जेमतेम ३ ते ६ मिलिमीटरचा पट्टकृमी कुत्रा, लांडगा, कोल्हा यांच्या आतड्यात राहतो. त्याची अंडी शेळ्या-मेंढ्या आणि गुरांत गेली की यकृतात, फुप्फुसात गाठी होतात. माणसाने गिळली तर त्यालाही, आणि ती गाठ बहुतेक वेळा शस्त्रक्रियेनेच निघते. बोकड कापल्यावर पाण्याच्या गाठी असलेले काळीज कुत्र्यापुढे फेकणे ही गावोगावची सवय या कृमीच्या फार सोयीची आहे. ते काळीज जाळले किंवा खोल पुरले आणि कुत्र्यांना ठरावीक काळाने प्राझिक्वांटेलसारखे जंताचे औषध दिले, तर साखळी तुटते.

रानातल्या वाघाला औषध देण्यात मात्र अर्थ नाही. मात्रा देण्यासाठी त्याला बेशुद्ध करावे लागेल, आणि पुढच्याच सांबराबरोबर जंत परत येतील. प्राणिसंग्रहालयातल्या आणि उपचार केंद्रातल्या जनावरांची गोष्ट वेगळी. तिथे तीच माती, तोच पिंजरा असल्याने थेट वाटेचे कृमी झपाट्याने वाढतात. म्हणून विष्ठा वेळोवेळी तपासून औषध देतात आणि पिंजऱ्याची फरशी कोरडी ठेवतात.