बूट निसटला, गोल झाला

रविवार, १४ ऑक्टोबर १९८४. उत्तर इटलीतल्या व्हेरोना शहराचं बेन्तेगोदी स्टेडियम. समोर गतविजेता युव्हेंटस. यजमान हेलास व्हेरोना संघाचा डॅनिश आघाडीपटू प्रेबेन एल्केयर डाव्या बाजूने चेंडू घेऊन सुसाट निघाला. युव्हेंटसचा तरुण बचावपटू स्तेफानो पिओली त्याला अडवायला घसरला आणि एल्केयरच्या उजव्या पायातला बूट निसटून मागे राहिला. तो थांबला नाही. गोलक्षेत्रात शिरून त्याने त्याच पायाने, नुसत्या मोज्यावर फटका मारला. व्हेरोनाने सामना २-० असा जिंकला.

इटलीत आजही या गोलची चित्रफीत दाखवली जाते आणि तिच्याबरोबर एक शब्द हमखास येतो, चमत्कार. व्हेरोनाने त्या मोसमात इटलीचं विजेतेपद, म्हणजे ‘स्कुदेत्तो’, मिळवलं. क्लबच्या इतिहासातलं ते एकमेव. एवढ्या लहान क्लबने एवढं मोठं काही केलं की लोकांना चमत्काराशिवाय दुसरा शब्द सापडत नाही. मला तो शब्द पटत नाही. जे चार वर्षं घडत होतं, ते त्या एका शब्दाखाली झाकलं जातं.

आधी मैदान काय होतं ते पाहू. त्या काळातली ‘सेरी आ’, म्हणजे इटलीतली सर्वोच्च श्रेणी, ही जगातली सर्वांत तगडी लीग होती. प्रत्येक संघाला फक्त दोनच परदेशी खेळाडू घेता येत, त्यामुळे क्लब त्या दोन जागांसाठी तिजोऱ्या उघडत. युव्हेंटसकडे प्लातिनी, इंटरकडे रुमेनिगे, रोमाकडे फाल्काव, फिओरेन्तिनाकडे नुकताच आलेला सॉक्रेटिस. उदिनेसेकडे झिको होता. हाच झिको तीस वर्षांनी एफसी गोवा संघाचा प्रशिक्षक म्हणून आपल्याकडे आला. आणि १९८४ च्याच उन्हाळ्यात नापोलीने बार्सिलोनाकडून दिएगो मॅराडोनाला विकत घेतलं होतं.

व्हेरोनाने आणले दोघे. बेल्जियमच्या लोकेरेन क्लबकडून एल्केयर आणि जर्मनीच्या कायझर्सलाउटर्नकडून हान्स-पीटर ब्रिगेल. ब्रिगेल तरुणपणी अ‍ॅथलेटिक्समधून आलेला, धिप्पाड, न थकणारा. बाकीचा संघ पाहिला तर मोठ्या क्लबांनी बाजूला सारलेल्यांची बैठक वाटावी. पिएत्रो फान्ना आणि ठेंगणा, चपळ ज्युसेप्पे गाल्देरिसी युव्हेंटसमधून आलेले. खेळाची सूत्रं हलवणारा अंतोनियो दि जेन्नारो फिओरेन्तिनाचा. गोलरक्षक क्लाउदियो गारेल्लाच्या लाझिओतल्या चुकांची इतकी थट्टा झाली होती की त्याच्या नावावरून चुकीलाच एक शब्द पडला होता. तो हातांइतकाच पायांनीही गोल अडवायचा. दिसायला ओबडधोबड, पण चेंडू आत जात नसे. दोमेनिको व्होल्पाती खेळता खेळता वैद्यकीय शिक्षण घेत होता आणि पुढे दंतवैद्य झाला.

या सगळ्यांना एकत्र बांधणारा माणूस म्हणजे ओस्वाल्दो बान्योली. मिलानच्या बोव्हिसा या कामगारवस्तीत वाढलेला, कमी बोलणारा, डोक्यावर टोपी घालून बाकावर बसणारा. १९८१ मध्ये तो व्हेरोनात आला तेव्हा संघ दुसऱ्या श्रेणीत होता. पहिल्याच वर्षी तो वरच्या श्रेणीत चढला. पुढच्या मोसमात चौथा, त्यानंतरच्या मोसमात सहावा. १९८३ आणि १९८४ अशी सलग दोन वर्षं इटालियन चषकाच्या अंतिम फेरीत हरला, आधी युव्हेंटसकडून, मग रोमाकडून. दोन अंतिम सामने हरलेल्या संघाची मोडतोड करण्याचा मोह कुणालाही झाला असता. बान्योलीने गाभा तसाच ठेवला. ज्याची जी जागा त्याने तीच सांभाळायची, हा त्याचा साधा हिशेब होता. कर्णधार रोबेर्तो त्रिचेल्ला बचावफळीच्या मागे उभा राहून सगळ्यांच्या चुका सावरायचा आणि चेंडू मिळाला की तिथूनच चढाई सुरू करायचा. चेंडू हिसकावला की फान्ना उजवीकडून वाऱ्यासारखा सुटायचा. बाकीचं काम पुढचे दोघे पाहत.

मोसमाचा पहिलाच सामना, १६ सप्टेंबर, बेन्तेगोदीवर. पाहुणा नापोली. मॅराडोनाचा इटालियन लीगमधला हा पहिला दिवस, त्यामुळे सगळ्या देशाचे डोळे त्याच्यावर. बान्योलीने ब्रिगेलला त्याच्या पाठीशी लावलं. ब्रिगेलने मॅराडोनाला मोकळा श्वास घेऊ दिला नाहीच, वर स्वतः एक गोल केला. निकाल ३-१. त्या दिवसापासून व्हेरोना गुणतक्त्याच्या शिखरावर राहिलं, कधी कुणाबरोबर जागा वाटून, पण ती सोडली नाही.

फेब्रुवारीत उदिनेमध्ये मात्र सगळं हातातून जातंय असं वाटलं होतं. ३-० अशी आघाडी असताना यजमानांनी ३-३ अशी बरोबरी साधली. आघाडीवरचे संघ अशाच दुपारी कोसळतात. व्हेरोनाने आणखी दोन गोल केले आणि सामना ५-३ असा जिंकला. माझ्या मते विजेतेपद ठरलं ते या दुपारी.

आता पंचांचा मुद्दा, कारण व्हेरोनाचं नाव निघालं की तो निघतोच. इटलीत कुठल्या सामन्याला कोण पंच, हे एक अधिकारी ठरवत असे. १९८४-८५ या मोसमात मात्र पंचांची निवड पूर्णपणे चिठ्ठ्या टाकून झाली. पुढे ही पद्धत सोडून दिली गेली. चिठ्ठीच्या त्या वर्षी बड्यांपैकी कुणीच जिंकलं नाही, यावरून इटालियन लोक जो अर्थ काढायचा तो काढतात. २००६ मध्ये क्लबांचे पदाधिकारी आणि पंच नेमणारे यांच्यातले फोन उघडकीला आले, युव्हेंटसची विजेतेपदं काढून घेतली गेली, तेव्हा या शंकेला आणखी धार आली. पण चिठ्ठी सोळाही संघांसाठी होती. तिने मैदान सपाट केलं असेल. त्यावर धावलं व्हेरोनाच. तीस सामन्यांत १५ विजय, १३ बरोबऱ्या आणि फक्त दोन पराभव. अख्ख्या मोसमात त्यांच्यावर झालेले गोल १९. चेंडू अडवण्याचं हे काम पंच करून देत नाहीत. गोल करण्याचा भारही एकट्यावर नव्हता: गाल्देरिसीचे अकरा, एल्केयरचे आठ आणि मधल्या फळीतून धावत येणाऱ्या ब्रिगेलचे तब्बल नऊ.

१२ मे १९८५ ला बेर्गामो शहरात अतालान्ताविरुद्ध एक गुण पुरेसा होता. व्हेरोनाचे हजारो लोक तिथे गेले होते. अतालान्ताने आधी गोल केला. उत्तरार्धात एल्केयरने बरोबरी साधली. या वेळी दोन्ही बूट पायांत होते. १-१. मोसम संपला तेव्हा व्हेरोनाचे ४३ गुण, दुसऱ्या आलेल्या तोरिनोचे ३९.

आनंद फार काळ टिकला नाही. २९ मे रोजी ब्रसेल्सच्या हेसेल स्टेडियममध्ये युव्हेंटस आणि लिव्हरपूल यांच्यातल्या युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्याआधी ३९ प्रेक्षकांचा जीव गेला आणि त्या वर्षीच्या फुटबॉलवर काळी छाया पडली. गारेल्ला नापोलीला गेला (दोन वर्षांनी मॅराडोनाबरोबर तिथेही विजेता ठरला), फान्ना इंटरला. युरोपियन चषकात दुसऱ्याच फेरीत गाठ पडली युव्हेंटसशी. हेसेलनंतरच्या शिक्षेमुळे तुरिनमधला सामना रिकाम्या स्टेडियममध्ये झाला आणि व्हेरोना २-० असं हरलं. लीगमध्ये संघ दहावा आला. बान्योली १९९० पर्यंत थांबला. त्या वर्षी संघ पुन्हा दुसऱ्या श्रेणीत घसरला.

क्लबच्या नावातलं हेलास म्हणजे ग्रीस. १९०३ मध्ये व्हेरोनाच्या मफ्फेई विद्यालयातल्या मुलांनी क्लब काढला आणि नाव सुचवलं त्यांच्या ग्रीक भाषेच्या शिक्षकाने. शाळेच्या मुलांचा हा क्लब ज्या शहराचा आहे, ते आपल्या प्रांताचीही राजधानी नाही. तो मान व्हेनिसचा. १९२९ मध्ये सेरी आ सुरू झाल्यापासून प्रांताची राजधानी नसलेल्या शहराने विजेतेपद मिळवलं ते एकदाच, १९८५ मध्ये, व्हेरोनाने.