जाग आली, पण ‘होम’ सापडेना

चाकणच्या कुठल्याही मशीन शॉपमध्ये गेलेली वीज परत आली की मुरलेला ऑपरेटर लगेच ‘सायकल स्टार्ट’ दाबत नाही. आधी तो मशीनचं ‘होम’ घेतो. टेबल आणि स्पिंडल आपापल्या ठरलेल्या जागी जाऊन येतात, मगच टूल नेमकं कुठं उभं आहे हे कंट्रोलरला कळतं. प्रोग्रॅम मेमरीत जसाच्या तसा असतो, पण जुन्या धाटणीच्या मशीनच्या अक्षांना वीज गेल्यावर स्वतःची जागा आठवत नाही. होम न घेता मशीन पळवायला गेलं, तर कंट्रोलर अलार्म देऊन अडून बसतो.

त्याच शॉपच्या केबिनमधला कॉम्प्युटर हायबरनेटमधून उठताना गोठतो, तेव्हा आत बहुतेक असंच काहीतरी घडलेलं असतं. गोल चक्र फिरता फिरता थांबतं, किंवा पडदा काळाच राहतो. कधी कालची एक्सेल शीट समोर दिसते, पण माऊस हलत नाही.

झोपण्याचे दोन प्रकार आहेत. ‘स्लीप’मध्ये बाकी सगळं थंडावतं, फक्त रॅमला थोडी वीज मिळत राहते. ती गेली की रॅममधलं सगळं पुसलं जातं. ‘हायबरनेट’मध्ये रॅममधला मजकूर डिस्कवरच्या एका मोठ्या फाईलमध्ये उतरवला जातो आणि मशीन पूर्ण बंद होतं. मग प्लग काढला तरी बिघडत नाही. पुणे परिसरात वीजदुरुस्तीची कामं बहुतेक गुरुवारी निघतात, आणि यूपीएस फार तर दहा-पंधरा मिनिटं तग धरतो. अशा ठिकाणी हायबरनेट सोयीचं पडतं. यूपीएस यूएसबीनं जोडलेला असेल, तर बॅटरी संपत आल्यावर मशीन आपोआप हायबरनेट व्हावं अशी सोयही करता येते.

या झोपेचे नियम इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी डिसेंबर १९९६ मध्ये ‘एसीपीआय’ या नावानं मांडले. त्यात स्लीप म्हणजे साधारणपणे ‘एस-थ्री’ आणि हायबरनेट म्हणजे ‘एस-फोर’. त्याआधी वीज वाचवण्याचा कारभार मुख्यतः बायोसकडे होता. या नियमांनी तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती दिला.

खरी परीक्षा उठताना असते. बटण दाबलं की बायोस नेहमीसारखी हजेरी घेतं. मग एक छोटा प्रोग्रॅम डिस्कवरची फाईल वाचून रॅम पूर्वीसारखी भरतो. विंडोजच्या दृष्टीनं मधला वेळ गेलेलाच नाही. पण ग्राफिक्स कार्ड, वाय-फाय, यूएसबी, डिस्क कंट्रोलर ही सगळी मंडळी मात्र बंद होऊन नव्यानं सुरू झालेली असतात. त्यांना कालचं काहीच ठाऊक नसतं. प्रत्येकाला पुन्हा जाग्यावर आणणं, म्हणजेच त्याचं होम घेणं, हे त्याच्या ड्रायव्हरचं काम. एका जरी ड्रायव्हरनं ते नीट केलं नाही आणि तो उत्तराची वाट बघत बसला, तर अख्खी रांग त्याच्यामागे थांबते.

म्हणून दुरुस्ती करतानाही सेटरसारखं चालायचं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

पहिलं काम थांबण्याचं. १६ जीबी रॅमच्या मशीनवर विंडोज १० साधारण ४० टक्के, म्हणजे ६ जीबीहून मोठी फाईल राखून ठेवतं. ती भरलेली असेल आणि जुनी हार्डडिस्क सेकंदाला १०० एमबी वाचत असेल, तर नुसत्या वाचनाला मिनिटभर लागतं; एसएसडीला दहा-पंधरा सेकंद पुरतात. डिस्कचा दिवा लुकलुकतोय तोवर हात लावू नका. पाच-दहा मिनिटं काहीच हललं नाही, तर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. सेव्ह न केलेलं काम मात्र जाईल.

मग पेनड्राईव्ह, डोंगल, प्रिंटर, डॉक सगळं काढून हायबरनेट करून बघा. मशीन नीट उठलं, तर एकेक वस्तू परत जोडत जा, चोर सापडतो. तरीही अडकलं, तर साधं स्लीप करून बघा. स्लीपमधूनही गोठत असेल तर संशय ड्रायव्हरवर, त्यातही आधी ग्राफिक्सवर. फक्त हायबरनेटमधूनच गोठत असेल तर डिस्क, ती फाईल आणि बायोस यांच्याकडे वळा. ड्रायव्हर आणि बायोस कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीच्याच साईटवरून घ्या. बायोस बदलताना वीज गेली तर मशीनच उठणार नाही, तेव्हा ते काम गुरुवारी नको.

फाईल बिघडल्याचा संशय असेल, तर ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकारानं कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी’ कमांडनं हायबरनेट बंद करा, मशीन रीस्टार्ट करा आणि हायबरनेट पुन्हा चालू करा. जुनी फाईल पुसली जाऊन नवी तयार होते. सोबत डिस्क आणि रॅमची तपासणीही उरकून घ्या. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसलं म्हणून लगेच नवा पॉवर सप्लाय आणू नका. मशीन रीतसर बंद झालं नव्हतं, एवढंच ती नोंद सांगते; तुम्ही बटण दाबून धरलंत, त्याचीही ती असू शकते.

एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल, तर शटडाऊन हेही अर्धं हायबरनेटच असतं. तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर डिस्कवर लिहून ठेवले जातात. त्यामुळे चार वेळा बंद-चालू करूनही रोग तसाच राहतो आणि एका रीस्टार्टनं जातो, कारण रीस्टार्टमध्ये सगळं पहिल्यापासून सुरू होतं. पॉवर ऑप्शन्समधून ही सोय बंद करता येते.

एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील, तर विंडोज हायबरनेट असताना लिनक्समधून त्याच्या डिस्कवर काही लिहू नका. शिफ्ट बदलताना कुणी वाइसमधला जॉब सरकवावा आणि डायरीत नोंद करू नये, तशातली ही गत होते. उठलेलं विंडोज जुन्याच नोंदीवर भरवसा ठेवतं आणि फाईली बिघडतात.

एवढं सगळं करूनही मशीन दर आठवड्याला गोठत असेल, तर त्यावर हायबरनेट वापरणंच सोडा. एसएसडी असलेलं मशीन पहिल्यापासून सुरू व्हायलाही फार वेळ घेत नाही. आणि हायबरनेट वापरायचंच असेल, तर आधी कंट्रोल-एस दाबायला विसरू नका.