सापडल्यावरही शोधत राहणारी नजर

डोक्याच्या सीटी स्कॅनवर ताजं रक्त पांढरं दिसतं. एम.डी. रेडिओलॉजीला आलेला विद्यार्थी हे पहिल्या काही दिवसांतच शिकतो. पुढची तीन वर्षं त्यातले अपवाद शिकण्यात जातात.

सीटीचे जनक गॉडफ्रे हौन्सफिल्ड यांच्या नावानं घनतेचं एक माप आहे. त्यात पाणी शून्य आणि हवा उणे 1000. मेंदूचा करडा भाग साधारण 35 ते 40, तर गोठू लागलेलं ताजं रक्त 60 ते 80. निरोगी मेंदू आणि जीवघेणा रक्तस्राव यांच्यातला फरक हा एवढाच. हवेपासून हाडापर्यंतची सगळी पट्टी एकदम पडद्यावर आणली, तर तो डोळ्याला कळणारही नाही. म्हणून तिचा लहानसा तुकडा निवडतात, त्याला ‘विंडो’ म्हणतात. मेंदूसाठी शून्य ते 80 एवढ्याच अंकांना काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या सगळ्या छटा वाटून देतात. पण या विंडोत कवटीही पांढरी आणि तिला चिकटलेला रक्ताचा पातळ थरही पांढरा. विंडो रुंद केली की तो थर हाडापासून सुटा दिसू लागतो. ज्यानं ती रुंद करून पाहिली नाही, त्याच्या हातून निदान निसटतं.

मग येतो आकार. कानशिलाजवळचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतून मेंदूच्या आवरणाला रक्त पुरवणारी धमनी जाते. मार लागून हाड तडकलं आणि धमनी फाटली, की रक्त कवटी आणि आवरण यांच्यामध्ये साठतं. आवरण कवटीच्या सांध्यांपाशी घट्ट चिकटलेलं असल्यानं रक्ताला बाजूला पसरता येत नाही, ते आतल्या बाजूला फुगतं. स्कॅनवर भिंगाच्या आकाराचा डाग दिसतो. हा ‘एक्स्ट्राड्युरल’ रक्तस्राव. असे काही रुग्ण मध्यंतरी शुद्धीवर येतात, घरच्यांशी नीट बोलतात आणि मग बघता बघता बेशुद्ध होतात. आवरणाच्या आतल्या बाजूला शिरांमधून रक्त झिरपलं, तर त्याला सांधे अडवत नाहीत. ते मेंदूवर चंद्रकोरीसारखं पसरतं. हा ‘सबड्युरल’.

दोन-तीन आठवड्यांनी सबड्युरलमधलं रक्त पांढरं राहत नाही, मेंदूच्याच करड्या रंगाचं होतं. वयस्कर माणूस पडल्याचं घरचे विसरूनही गेलेले असतात, आणि आता ‘बाबा गोंधळल्यासारखे वागतात’ म्हणून स्कॅन होतो. अशा वेळी रंगावर विसंबून चालत नाही. मेंदूच्या घड्या कवटीपर्यंत पोचतात का, मधली रेषा एका बाजूला सरकली आहे का, हे डावं-उजवं ताडून पाहावं लागतं. या विद्येतली ही सगळ्यात मोलाची सवय आहे, असं मला वाटतं. अर्थात रक्त दोन्ही बाजूंना सारखंच साठलं असेल, तर तीही फसवते.

नजर कशी तयार होते, यावर संशोधन झालं आहे. 1975 साली हॅरॉल्ड कुंडेल आणि कॅल्विन नोडाइन यांनी रेडिओलॉजिस्टना छातीचे एक्स-रे जेमतेम 0.2 सेकंद दाखवले, तरी सुमारे 70 टक्के वेळा त्यांचं निदान बरोबर आलं. हा अनुभवाचा झपाटा. त्याची दुसरी बाजू 2013 साली ट्रॅफ्टन ड्र्यू आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात दिसली. फुप्फुसांच्या सीटीत त्यांनी गोरिलाचं चित्र घातलं, नेहमीच्या गाठीच्या 48 पट मोठं. गाठी शोधणाऱ्या 24 रेडिओलॉजिस्टपैकी 20 जणांना ते दिसलंच नाही. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांची नजर थेट त्यावरून गेली होती. जे शोधायला बसलो तेवढंच दिसतं. एक मोठा दोष सापडला की शोध नकळत थांबतो, हाही याच जातीचा धोका. म्हणून चांगले शिक्षक विद्यार्थ्याला ठरलेल्या क्रमानं पाहायला लावतात: रक्त, मेंदूतल्या पोकळ्या, तळाशी असलेल्या पाण्याच्या जागा, हाडं. स्कॅनच्या पहिल्याच छेदात मोठा रक्तस्राव दिसला तरी क्रम मोडायचा नाही.

आता सॉफ्टवेअरही मदतीला आलं आहे. मुंबईच्या क्युअर डॉट एआय या कंपनीचं डोक्याच्या सीटीवरचं संशोधन 2018 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. अशी सॉफ्टवेअर संशयास्पद स्कॅन रांगेत पुढे आणू शकतात. रात्री एकच रेसिडेंट ड्युटीवर असतो तिथे हे मोठंच साहाय्य आहे. पण रक्त आहे हे कळल्यावर सर्जनला ताबडतोब फोन करायचा आणि फोनची वेळ रिपोर्टात लिहायची, ही जबाबदारी माणसाचीच.

वाचकांना एक विनंती. स्कॅनला नेताना मार कधी आणि कुठे लागला, उलटी झाली का, रुग्ण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतो का, हे न विचारताही सांगा आणि जुन्या फिल्म बरोबर न्या. चिठ्ठीवर नुसतं ‘डोकं दुखतं’ एवढंच असेल, तर वाचणाऱ्याला नेमकं कुठे निरखून पाहायचं हे कळत नाही.