कोणता चॅटबॉट आपल्या कामाचा?

२०२५ या एका वर्षात भारतातल्या मोबाइलधारकांपुढे चॅटबॉटची रांगच लागली. जुलैमध्ये एअरटेलने आपल्या ग्राहकांना पर्प्लेक्सिटी प्रो वर्षभरासाठी मोफत दिलं. ऑगस्टमध्ये ओपनएआयने खास भारतासाठी महिना ३९९ रुपयांची ‘चॅटजीपीटी गो’ योजना आणली आणि ४ नोव्हेंबरपासून ती वर्षभर मोफत देऊ केली. त्याच सुमारास जिओने गुगलच्या जेमिनीची सशुल्क आवृत्ती १८ महिन्यांसाठी मोफत जाहीर केली. व्हॉट्सअ‍ॅपमधलं मेटा एआय तर २०२४च्या जूनपासून कोणी न मागताच फोनमध्ये येऊन बसलं आहे. याशिवाय मायक्रोसॉफ्टचा कोपायलट, अँथ्रॉपिकचा क्लॉड आणि चीनमधून आलेला डीपसीक आहेतच.

साहजिकच घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो: यातला सगळ्यात चांगला कोणता? या प्रश्नाला टिकाऊ उत्तर नाही. दर काही महिन्यांनी कुठली ना कुठली कंपनी नवी आवृत्ती आणते आणि कालचा पहिला आज तिसरा होतो. त्यापेक्षा ‘माझं काम कोणतं?’ हे आधी ठरवलं, तर निवड बरीच सोपी होते.

आधी काम, मग नाव

या सगळ्यांच्या मुळाशी भाषेचं मॉडेल असतं. अफाट मजकूर वाचून ‘या शब्दांनंतर पुढे काय येण्याची शक्यता जास्त’ हे ते शिकलेलं असतं. त्यामुळे बरोबर आणि चूक, दोन्ही गोष्टी ते सारख्याच आत्मविश्वासाने सांगू शकतं. त्याचं शिक्षण एका तारखेला थांबलेलं असतं. त्यानंतरचं काही विचारलं, तर त्याला इंटरनेटवर शोध घ्यावा लागतो. आज बहुतेक चॅटबॉट तसा शोध घेतात, पण प्रत्येक उत्तरासाठी घेतातच असं नाही.

म्हणून बातमी, बाजारभाव, परीक्षेची तारीख, सरकारी नियम अशा बदलत्या गोष्टींसाठी उत्तरासोबत दुवे देणारा चॅटबॉट हवा. पर्प्लेक्सिटीची उभारणीच त्या कल्पनेवर झाली. जेमिनी आणि चॅटजीपीटीमध्येही शोधाची सोय आहे. उत्तराखाली दुवा दिसला की तो उघडून पाहायचा. दुवाच नसेल, तर उत्तर आठवणीतून आलं असण्याची शक्यता धरायची.

बँकेचा तीस पानी कर्जकरार किंवा विम्याची पॉलिसी समजून घ्यायची असेल, तर गरज वेगळी. तिथे गुगलच्या नोटबुकएलएमसारखं साधन उपयोगी पडतं. आपण दिलेल्या कागदपत्रांच्या आधारेच ते उत्तर देतं आणि ते कुठल्या परिच्छेदावरून दिलं हेही दाखवतं. लांब मजकूर, अहवाल किंवा प्रोग्रामिंगसाठी क्लॉड आणि चॅटजीपीटी यांचा वापर मोठा आहे. ज्यांचा दिवस वर्ड आणि एक्सेलमध्ये जातो त्यांना कोपायलट सोयीचा, जीमेल आणि गुगल डॉक्समध्ये वावरणाऱ्यांना जेमिनी.

शेतकऱ्यांसाठी तर स्वतंत्र पर्याय आहेत. पीएम-किसानचा हप्ता का अडला, हे कुठल्याही सर्वसाधारण चॅटबॉटला ठाऊक असणार नाही. त्यासाठी केंद्र सरकारने सप्टेंबर २०२३मध्ये किसान ई-मित्र सुरू केला आणि तो मराठीतही आहे. राज्याच्या कृषी विभागाने २०२५मध्ये ‘महाविस्तार’ हे अ‍ॅप आणलं. त्यात हवामान, बाजारभाव आणि पीकसल्ला मराठीत विचारता येतो. एकाच विषयासाठी बांधलेलं साधन त्या विषयापुरतं जास्त भरवशाचं ठरतं.

मराठीची परीक्षा

मराठी वाचकासाठी पुढची कसोटी भाषेची. जून २०२४मध्ये जेमिनीचं अ‍ॅप भारतात आलं, तेव्हा त्यात मराठीसह नऊ भारतीय भाषांची सोय होती. पुढे बोलून संवाद साधण्याची सोयही या भाषांसाठी जाहीर झाली. टाइप करायला कंटाळणाऱ्या आजी-आजोबांसाठी ही सोय फार मोलाची आहे.

पडद्यामागेही बदल झाला. मॉडेल मजकुराचे छोटे तुकडे करून वाचतं. त्या तुकड्यांना टोकन म्हणतात. मे २०२४मध्ये ओपनएआयने जीपीटी-४ओ आणताना एक नमुना दाखवला: ज्या मराठी मजकुराला आधी ९६ टोकन लागायचे, त्याला आता ३३ पुरतात. टोकन कमी लागले की उत्तर लवकर येतं आणि एका वेळी जास्त मजकूर मावतो.

तरीही इंटरनेटवर इंग्रजीच्या मानाने मराठी मजकूर फारच थोडा आहे आणि त्याचा परिणाम उत्तरांवर होतो. आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने चाललेला ‘भारतजेन’ प्रकल्प आणि पुण्यातला ‘एलथ्रीक्यूब’ हा गट ही उणीव भरून काढण्याचं काम करत आहेत. तोवर आपली परीक्षा आपणच घेतलेली बरी.

ही परीक्षा अवघड नाही. ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे तेच विचारायचं. उदाहरणार्थ, ‘पावणेदोन लाख रुपयांवर साडेनऊ टक्के दराने एका वर्षाचं सरळव्याज किती?’ उत्तर १६,६२५ रुपये यायला हवं. ‘अडीच गुंठे म्हणजे किती चौरस फूट?’ गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, म्हणजे उत्तर २,७२२.५. पावणे, अडीच, साडे हे शब्द त्याला नीट कळतात का, ते इथे उघड होतं.

मग सोसायटीच्या सचिवांना गच्चीतल्या गळतीबद्दल पत्र लिहायला सांगायचं. वाक्यं हिंदीच्या वळणाची आहेत का, लिंग-वचन सांभाळलं आहे का, पत्र जसंच्या तसं देता येईल की अर्धं पुन्हा लिहावं लागेल, हे पाहायचं. शेवटी अस्तित्वातच नसलेल्या एखाद्या पुस्तकाचं नाव रचून त्याचा सारांश मागायचा. ‘असं पुस्तक मला सापडत नाही’ म्हणणारा चॅटबॉट पास. ऐटीत सारांश लिहून देणाऱ्यापासून सावध.

चुकीची किंमत

हा शेवटचा प्रश्न कशासाठी, ते न्यायालयांच्या निकालांवरून कळतं. जून २०२३मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने वकिलांना ५,००० डॉलरचा दंड केला, कारण चॅटजीपीटीने रचलेले खोटे निवाडे त्यांनी खरे म्हणून सादर केले होते. ऑक्टोबर २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका कंपनीवरचा प्राप्तिकर विभागाचा आदेश रद्द केला. त्यात आधारासाठी दिलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. एआय यंत्रणेने दिलेलं उत्तर पडताळल्याशिवाय वापरू नका, असं न्यायालयाने बजावलं.

कायदा, औषधाचा डोस, कर आणि गुंतवणूक या चार बाबतींत चॅटबॉट कितीही नावाजलेला असो, त्याच्याकडून समजून घ्यावं आणि निर्णय मात्र डॉक्टर, वकील किंवा सीएशी बोलूनच घ्यावा.

गुपित कुणाच्या हाती?

निवडताना फार थोडे लोक विचारतात तो प्रश्न खासगी माहितीचा. जानेवारी २०२५मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने कर्मचाऱ्यांना कार्यालयीन संगणकांवर चॅटजीपीटी आणि डीपसीकसारखी साधनं वापरू नका, असं परिपत्रक काढलं. सरकारी कागदपत्रांची गोपनीयता हे कारण होतं. २०२५च्या उन्हाळ्यात चॅटजीपीटीवरच्या काही लोकांची संभाषणं गुगलच्या शोधात दिसू लागली. ती त्यांनी स्वतःच दुवा करून शेअर केलेली होती, पण आपण काय उघडं करतोय याची अनेकांना कल्पना नव्हती. कंपनीने नंतर ती सोय काढून टाकली.

म्हणून अ‍ॅप घेतल्याबरोबर आधी सेटिंग उघडावं. आपली संभाषणं मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी वापरू नयेत, असा पर्याय चॅटजीपीटी आणि क्लॉड या दोन्हींत आहे. तो सापडत नसेल तर त्या चॅटबॉटला घरगुती गोष्टी सांगू नयेत. आधार, पॅन, खातेक्रमांक आणि ओटीपी तर कुणालाच देऊ नये. वैद्यकीय अहवाल टाकायचाच असेल, तर नाव आणि रुग्णालयाचा क्रमांक झाकून टाकावा. मुलांच्या बाबतीत वयाची अट वाचावी: चॅटजीपीटीसाठी किमान १३ वर्षं आणि १८ पर्यंत पालकांची संमती, क्लॉडसाठी १८ पूर्ण.

पैसे कधी मोजावेत?

दिवसातून चार-पाच प्रश्न, एखादं पत्र, मुलांच्या अभ्यासातली शंका एवढंच काम असेल, तर मोफत आवृत्ती पुरते. मोठ्या फाइली, रोजचं लेखन किंवा व्यवसायाचं काम असेल आणि मोफत मर्यादा वारंवार संपत असेल, तेव्हाच सशुल्क योजनेचा विचार करावा. चॅटजीपीटी प्लस भारतात महिना १,९९९ रुपयांना जाहीर झाली होती. वर्षाचे जवळपास २४ हजार होतात. तेवढं काम त्यातून निघतं का, हा हिशेब ज्याचा त्याने मांडावा.

मोफत योजना घेतली असेल, तर ती संपण्याची तारीख आजच मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका आणि ऑटो-पे सुरू आहे का ते तपासा. मग दोन चॅटबॉट निवडा, वरचे प्रश्न दोघांनाही विचारा, आठवडाभर दोन्ही वापरा आणि आपल्या कामाला उतरेल तो ठेवा. दुसरा काढून टाकताना त्यातलं खातंही बंद करा. नुसतं अ‍ॅप काढल्याने त्यातली संभाषणं पुसली जात नाहीत.