बस्ता बांधताना

लग्न ठरले. सुपारी फुटली. याद्या झाल्या. आता बस्ता बांधायला निघायचे. दुकानदार एकावर एक साड्या उलगडतो. डाळिंबी, मोरपंखी, आमसुली! डोळे दिपून जातात आणि नको ते घेतले जाते. म्हणून आम्ही सांगतो, रंग घरीच ठरवा. मग दुकानाची पायरी चढा.

रंग कोणते घ्यावेत? आपल्या रीतीतच ते सापडतात. हळद पिवळी, चुडा हिरवा, कुंकू लाल. पुष्कळ घरांत नवरी पिवळी साडी नेसून अंतरपाटामागे उभी राहते. मांडवाच्या दारी आंब्याची पाने आणि झेंडूची फुले. म्हणजे पुन्हा हिरवा आणि पिवळाच! काळा रंग कार्यात नको, असे म्हणतात. पण मंगळसूत्राचे मणी काळेच असतात ना? तेव्हा रंगाचा उगाच बाऊ करू नये.

समजा, हिरवी साडी घेतली आणि तिचे काठ लाल आहेत. मग नवऱ्याचा फेटा लाल घ्यावा. जोडा शोभून दिसतो. जादा खर्च पडत नाही.

दुकानातल्या दिव्याखाली रंग फसवतो. पिवळसर उजेडात फिकट पिवळा पांढरा वाटतो. गडद निळा काळा दिसतो. म्हणून कापड दारापाशी न्या आणि दिवसाच्या उजेडात पाहा. लग्न रात्रीचे असेल, तर दिव्याखालीही पाहा.

रंग पक्का आहे का, हेही तपासावे. सुती कापडाचा आतला कोपरा ओला करा. त्यावर पांढरा रुमाल दाबून धरा. रुमालाला रंग लागला, तर ते कापड कच्च्या रंगाचे समजा. ते नेहमी वेगळे धुवा.

आता हळदीचे डाग. डागावर साबण चोळला की तो लाल होतो. बायका घाबरतात. पण घाबरू नका. साबणाचा किंवा चुन्याचा खार लागला की हळद लाल दिसते. कापड स्वच्छ पाण्यात खळबळा. डाग पुन्हा पिवळा होईल. मग ते कापड उन्हात वाळवा. उन्हाने हळदीचा डाग विटत जातो.

हल्ली एक नवी रीत निघाली आहे. हळदीला सगळ्यांनी पिवळेच नेसायचे. लग्नाला सगळ्यांनी ठरल्या रंगाचेच घालायचे. फोटो छान येतो, हे खरे. पण एखाद्या गरीब मावशीजवळ पिवळे लुगडे नसले तर? ती उसने पैसे काढील. नाहीतर अंग दुखते म्हणून घरीच बसेल. सख्खी मावशी हळदीला नाही, मग तो फोटो काय कामाचा? आमंत्रणाला जाल तेव्हाच सांगा, "मावशी, आहे ते नेसून ये गं. हळद लागली की तूही पिवळी होशील!"

आणि नवरीच्या घरी तरी पैसा कुठे उतू जातो? म्हणून याद्यांच्या वेळीच कपड्यांचा आकडा कागदावर लिहा. दुकानात तो कागद हाती ठेवा. आकड्यापुढे जाऊ नका. मुलीच्या अंगाची हळद चार दिवसांत उतरते. बस्त्यासाठी काढलेले कर्ज तसे उतरत नाही. ते फेडता फेडता धाकटीचे लग्न येऊन ठेपते.